वरून उघडं न्हाणीघर

नवी हॉटेलं बघायची आणि त्यांच्या भिंती, दिवे, खुर्च्या यांच्याबद्दल मासिकात लिहायचं, हा माझा कामधंदा. गेल्या हिवाळ्यात कन्हेरीजवळ उसाच्या रानात बांधलेल्या चार खोल्यांच्या हॉटेलातून बोलावणं आलं. मालक चाळिशीचा, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला. एमआयडीसीतल्या कारखान्यांकडे येणारे पाहुणे त्याच्याकडे उतरत.

खोली खरोखर देखणी होती. घोटलेल्या सिमेंटची करडी जमीन, तशाच भिंती, बुटका पलंग आणि पलीकडे वरून उघडं न्हाणीघर. छप्पर नाहीच. पुरुषभर उंच भिंती, कोपऱ्यात चाफा, आणि भिंतीला लागूनच ऊस. मधलं दार भिंतीच्याच रंगाचं. खोलीच्या बाजूनं ओढायला एक खाच होती, पण न्हाणीघराच्या बाजूनं मूठ नाही, कडी नाही. ठरावीक जागी दाबलं की ते उघडायचं. सकाळी मी दोनदा दाबून बघितलं आणि कौतुकानं वहीत लिहून घेतलं, की दार दिसतच नाही, हेच त्याचं सौंदर्य.

स्वयंपाकघर मालकाची आई सांभाळायची. जेवायला वाढताना त्या म्हणाल्या, "ताई, शेजारच्या फडात ऊसतोड सुरू झालीया. न्हाणीत लई येळ थांबू नगा."

"का हो मावशी?"

त्यांनी लेकाकडे बघितलं. तो हसला. "धूळ येते मॅडम, दुसरं काही नाही."

मावशी भाकरी वाढून आत गेल्या.

दुपारी चारच्या सुमाराला मी केस धुवायला गेले. दार मागं आपसूक लागलं. अंगावर छान ऊन येत होतं. लांबून तोडणाऱ्यांचे कोयते ऐकू येत होते. डोळ्यांत साबण गेला म्हणून नळ बंद केला, तेव्हा लक्षात आलं, मघापासून भुंकणारी कुत्री एकदम गप्प झाली होती. भिंतीपलीकडे उसाचं वाळलेलं पाचट वाजलं. मग भिंतीला काहीतरी खरवडलं.

मी वर बघितलं. भिंतीवर बिबट्या होता.

त्याच्या पाठीला उसाचं वाळकं पान चिकटलं होतं. बरगड्या जोरात वरखाली होत होत्या. त्यानं आधी मागं, उसाकडं बघितलं. मग माझ्याकडं. हाताला लागला तो टॉवेल मी छातीशी धरला आणि पाठीमागच्या भिंतीला टेकले. दुसऱ्या हातानं दार चाचपू लागले. हात साबणानं बुळबुळीत झाला होता. इथं दाबलं, तिथं दाबलं. सगळी भिंतच. ओरडले तर तो खाली उडी घेईल, म्हणून ओरडलेही नाही. एकच विचार मनात होता, आपण खाली पडता कामा नये.

तेवढ्यात खोलीतून मावशींचा आवाज आला. "ताई, च्या ठिवलाय बरं का."

"मावशी," मी कशीबशी म्हणाले, "बिबट्या. भिंतीवर."

मग अगदी दारापाशी, हळू आवाजात, "पळू नगा. खाली बसू नगा. त्याच्याकडं पाठ करू नगा."

दार आत ओढलं गेलं आणि मी उलटी खोलीत कोसळले. मावशींनी दंडाला धरून मला बाजूला खेचलं, दार लावलं आणि पाठीनं दाबून धरलं. जवळच ठेवलेला चहाचा ट्रे रिकामा करून त्यावर चमचा बडवत त्या ओरडत सुटल्या, "हाट्! हाट्!" बडवायचं थांबल्यावर बाहेर पुन्हा पाचट वाजलं. आवाज लांब गेला. त्यांनी पलंगावरची चादर ओढून माझ्याभोवती गुंडाळली. तेव्हा कळलं, मी रडत होते.

मालक धावत आला. मावशी त्याला म्हणाल्या, "धूळ येती व्हय रं?"

मग त्यानं मान खाली घालून सगळं कबूल केलं. आठवडाभर विहिरीजवळ ठसे दिसत होते. पाहुणे येईनासे होतील म्हणून त्यानं सगळ्यांना गप्प बसवलं होतं. माझ्यासमोर त्यानं वनखात्याला फोन लावला आणि चारही खोल्यांना कुलपं घातली. मला त्याला पुष्कळ बोलायचं होतं. पण ते दार मीही सकाळी वाखाणलं होतं.

इंदापुरात माझी मैत्रीण राहते. उजेड आहे तोवर तिच्याकडे पोचायचं म्हणून मी लगेच निघाले. थोड्याच अंतरावर तो फड लागला. तोड चालूच होती. मी गाडी थांबवली आणि मोळी बांधणाऱ्या एका बाईला हाक मारून घडलेलं सांगितलं.

"आमाला ठावं हाय," ती म्हणाली. "आमी सकाळीच बघितला."

"मग भीती नाही वाटत?"

"वाटती की." तिनं ट्रॉलीकडं बोट केलं. ट्रॉलीच्या वरच्या दांडीला लुगड्याची झोळी उंच बांधली होती. आत तान्हं मूल झोपलं होतं. "म्हून लेकराला वर टांगलंय. फड संपल्याबिगर मुकादम आमाला दुसरीकडं न्हेत न्हाय."

मग ती गाडीत वाकून म्हणाली, "एकल्याच हाय व्हय? काच वर घ्या. आन् मधी कुठं उतरू नगा."

मी काच वर घेतली. ती परत उसात शिरली. इंदापूर येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस होता, आणि वाऱ्यानं कुठंही पान हललं की माझा पाय नकळत ब्रेकवर जात होता.