अक्काचा उजवा कान

"हसलीस? मग आलं!"

विहिरीतून वर आलेल्या प्रत्येकीला अक्का हे ऐकवायची. त्याआधी तिचा हुकूम ठरलेला असे, "जा, दगडाला कान लाव." काठावर एक काळा सपाट दगड होता. नऊपर्यंत तो उन्हानं छान तापायचा. त्यावर कुशीवर आडवं व्हायचं, पाणी गेलेला कान टेकवायचा आणि गप्प पडून राहायचं. मग कधीतरी आत काहीतरी हलतं, गुळगुळतं आणि एक कोमट थेंब बाहेर उतरतो. तुम्ही पोहत असाल तर ते सुख तुम्हाला माहीत आहे. त्या क्षणी माणूस हसतोच. रागीट म्हणून तालुक्यात प्रसिद्ध असलेल्या एका बाईंनाही मी त्या दगडावर लहान मुलीसारखं हसताना पाहिलं आहे.

बसवकल्याणच्या बाहेर, ऑटोनं दहा मिनिटांवर अक्काचं शेत. साठीची, ठेंगणी बाई. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. घरात कन्नड, शेतात मराठी आणि बाजारात भाव करताना दखनी. दर रविवारी सकाळी ती आम्हा बायकांना पोहायला शिकवायची. मी तिथल्या शाळेत शिक्षिका. बेचाळिसाव्या वर्षी पाठीला रिकामा डबा बांधून मी त्या विहिरीत उतरले, तेव्हा धीर यावा म्हणून मोठ्यानं आकडे मोजायला लागले, पण भीतीनं सतराच्या पुढे जाईना.

"मोजायलीस कामून? पाय मार!" वरून अक्का ओरडली.

ती स्वतः इरकली लुगड्याचा कासोटा घालून पोहायची, पण मान कायम पाण्याच्या वर. बुडी म्हणून कधी मारायची नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मी म्हशीच्या खानदानातली. म्हैस कधी बुडी मारती का?" आम्ही हसायचो. ती पोहण्याची तिची ढब आहे, असंच आम्हाला वाटायचं.

तिला रागावलेलं मी एकदाच पाहिलं. आमच्यातल्या एकीनं कानातलं पाणी काढायला केसातला आकडा काढला. अक्कानं तिच्या हातावर अशी चापट मारली, की आकडा उडून थेट विहिरीत गेला. "कानात काय बी घालायचं न्हाई! काडी न्हाई, आकडा न्हाई, तेल न्हाई. पाणी आपल्या पायानं आलंय, आपल्या पायानं जाईल." आकड्यासाठी एवढं काय, असं आम्हाला वाटून गेलं.

पुढे माझ्याच कानाला दडा बसला. रविवारचं पाणी बुधवार आला तरी निघेना. उड्या मारून झाल्या, दगड झाला. शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, "हजेरी मागवा." मी शिपायाला भजी आणायला पाठवलं. भजी आली. सरांनी दोन खाल्ली आणि मग पुन्हा हजेरी मागितली.

पुढच्या रविवारी अक्कानं मला दगडावर झोपवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसून राहिली. मी हसले नाही.

"हे पाणी न्हाई," ती म्हणाली. "पाणी असतं तर हललं असतं. उद्या बीदरला जायचं. मी येते."

बीदरचे कानाचे डॉक्टर म्हातारे आणि गप्पिष्ट होते. त्यांनी आत पाहिलं. "पानी नक्को बोलो बाई. मैल है, फूल के बैठा है." पाच मिनिटांत त्यांनी तो फुगलेला मळ काढला आणि पंख्याची घरघर, बाहेरचे हॉर्न, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

"हसलीस? मग आलं!" अक्का भर दवाखान्यात ओरडली. डॉक्टरही हसले. तिच्या उजव्या बाजूनं जाताना त्यांनी तिला काहीतरी विचारलं. ती माझ्याकडेच बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं. मग तिला खुर्चीत बसवून त्यांनी तिच्या कानात बॅटरी मारली आणि त्यांचं हसणं थांबलं.

पडद्याला भोक होतं, फार जुनं. आत पू होता आणि तो हाडापर्यंत पोचत होता. असाच ठेवला तर डोक्यात जाईल, पडद्याला ठिगळ लावावं लागेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. अक्का उठली. "माझं काय न्हाई डॉक्टर. एक कान देवानं झोपायला दिलाय. चांगला कान उशीला लावला की घोरणं ऐकू येत न्हाई."

परतीच्या बसमध्ये तिनं मला आपल्या डाव्या हाताला बसवलं. ती नेहमी तसंच बसवायची. का, ते मला त्या दिवशी कळलं.

"नऊ वर्सांची होते," ती आपणहून बोलू लागली. "पवून आले, कानात पाणी. आईनं मांडीवर घेतलं आन् आकड्यानं काढायला गेली. मायेनंच की गं. लई दुखलं. मग ऐकू येईना. आईला म्हणाले, निघालं पाणी. शेवटपर्यंत सांगितलं न्हाई. डॉक्टरकडं गेले असते तर तो म्हणाला असता, कुणी केलं हे? मग आईनं काय करावं?"

मी विचारलं, "आईला जाऊन किती वर्षं झाली?"

"बारा."

"मग आता कुणापासून लपवायलाव, अक्का?"

हुमनाबाद आलं, चहावाले चढले, उतरले. बस सुटल्यावर तिनं माझं मनगट धरलं. "लई दुखतंय का गं ते ठिगळ लावताना?"

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही अकराजणी दवाखान्यात हजर. सिस्टरनं दोनदा हाकललं, आम्ही दोनदा परत आलो. विहिरीत कुणालाही ढकलणारी ही बाई आत जाताना माझा पदर सोडेना. पुढे सहा महिने पाणी बंद. कानात कापूस घालून, काठावर खुर्ची टाकून ती हातवारे करून शिकवायची आणि आमच्यापेक्षा जास्त दमायची.

आता अक्का तिथं नाही. दोन वर्षांपूर्वी मुलगी तिला सोलापूरला घेऊन गेली. रविवारी आम्ही अजून जमतो, पण काठावरून शिव्या देणारं कुणी नसतं. तिची आठवण निघाली की मला एकच सकाळ दिसते. डॉक्टरांनी पाण्यात जायची परवानगी दिली होती, फक्त खोल जाऊ नका म्हणाले होते. ती पायऱ्या उतरून गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. नाक धरलं. आमच्याकडे एकदा पाहिलं आणि डोकं पाण्याखाली नेलं.

वर आली ती चकित होऊन. "आत कोण बोलायलंय गं?"

आम्हाला कळेना. मग माझ्या लक्षात आलं. त्या कोपऱ्यात पायरीखाली झरा आहे. बुडी मारली की त्याची बुडबुड ऐकू येते. आम्हाला सगळ्यांना ती नेहमीची होती.

"झरा हाय तो, अक्का."

"लगीन होऊन आले तवापासनं ह्याच हिरीचं पाणी भरायलीय," ती म्हणाली. "ह्याला आवाज हाय व्हय?"

आणि उत्तराची वाट न बघता ती पुन्हा पाण्याखाली गेली.