दादाला हवं असलेलं आम्लेट

लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या चिमीकडे तिचा थोरला भाऊ राहायला आला, तो काही स्वतःच्या मर्जीनं नाही. दादानं जन्मभर ट्रक चालवला. लग्न केलं नाही, घर केलं नाही. एकदा माल बांधताना टपावरून डोक्यावर आपटला आणि शुद्धीवर आला तेव्हा निम्माच माणूस उरला होता. चिमीचा संसारही कधीचाच मोडलेला. तिनं त्याला आपल्या एका खोलीत आणलं.

आंघोळ घालावी लागायची, पण बहिणीला तो ओळखायचा. सकाळी डोळे उघडले की एकच मागणं, “चिमे, आम्लेट कर.”

ती कांदा-मिरची घालून दोन्हीकडून खरपूस आम्लेट करायची. एक घास चावून दादा ताटली सरकवायचा.

“असं नाही गं.”

“मग कसं?”

ते काही त्याला सांगता यायचं नाही. हात हवेत फिरवायचा आणि शब्द सापडेना की मांडी बडवून घ्यायचा.

चिमीनं कंबर कसली. शेजारची टॅक्सीवाल्याची बायको म्हणाली, “थोडं दूध घाल, कसं फुगतं बघ.” फुगलं, पण दादानं सरकवलं. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी पांढरं वेगळं फेटायला शिकवलं. दंड भरून आले, आम्लेट कापसासारखं झालं, तरी “असं नाही”च. कोपऱ्यावरचा मेसवाला म्हणाला, “ताई, तेलात हात आखडू नका. आच मोठी ठेवा, कडा जाळीदार झाल्या पाहिजेत.” कडा जाळीदार झाल्या आणि दादा रडायला लागला. नाकारलेली आम्लेटं चिमी डब्यात न्यायची. लॉन्ड्रीतल्या बायका म्हणायच्या, “हिची कोंबडी मोठी गुणाची.” चिमीही हसायची.

शेवटी ती मावशीकडे गेली. दादाला आईच्या हातची चव आठवत असेल, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

“तुझी आई?” मावशी म्हणाली. “अगं, अंड्याच्या वासानंच तिला मळमळायचं. जन्मात आम्लेट केलं नाही तिनं.”

उलगडा झाला तो दादाचा जुना जोडीदार ड्रायव्हर भेटायला आला तेव्हा. आधी त्यानं आढेवेढे घेतले. चिमी खनपटीलाच बसली, तेव्हा खाली मान घालून म्हणाला, “घाटाच्या पायथ्याशी एका बाईंची खानावळ होती. दादा दर खेपेला तिथंच मुक्काम टाकायचा. त्यांचं पटायचं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.”

चिमीला ठाऊक नव्हतं. भाऊ बिचारा एकटा, म्हणून इतकी वर्षं तिनं जीव जाळला होता.

“आता कुठं असतात त्या?”

“त्या गेल्या. मग रस्ता रुंद झाला, खानावळही पाडली.”

बाईंचं आम्लेट मात्र त्या जोडीदाराला पाठ होतं. अंड्यात किसलेला बटाटा, मिरी सढळ हातानं, मंद आच, वर झाकण, आणि उलटायचं नाहीच.

दुसऱ्या सकाळी चिमीनं तसं केलं. दादानं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, ताटली बोटानं पुसून घेतली. चिमीचा जीव भांड्यात पडला. मग त्यानं दाराकडे पाहिलं.

“ती कुठाय?”

“दादा, मी केलंय हे.”

वाटेवरच्या अनोळखी माणसाकडे बघावं तसा तो बघत राहिला. “तुम्ही कोण, बाई?”

“मी चिमी.”

“चिमी लहान आहे,” तो समजावल्यासारखा म्हणाला. “शाळेत गेली असेल आता.”

घाबरून तिनं पुन्हा कांदा-मिरचीचं करून पाहिलं. दादानं तोंडच उघडलं नाही. ‘असं नाही’ म्हणेल, निदान तेवढं तरी म्हणेल, म्हणून ती वाट बघत राहिली. तो सुकत चालला. मग तिनं निमूटपणे बटाटा किसायला घेतला.

आता तो पोटभर खातो आणि दाराकडे तोंड करून बसतो. “ती येईल ना?” असं विचारतो. “येईल, भाजी आणायला गेलीय,” चिमी सांगते.

नर्सबाई एकदा रागावल्या. “खोटं कशाला सांगतेस? एकदा सांगून टाक, ती गेली म्हणून.”

“सांगितलं होतं,” चिमी म्हणाली. “ऊर फुटेस्तोवर रडला. घटकाभरानं विसरला आणि परत विचारलं. रोज उठून त्या बाईला मारू का मी?”

चिमीनं तवा घासून पालथा घातला आणि बाहेरून कडी लावून ती कामाला गेली.