सोबत्याचा हात

जेवण करून पलंगावर आडवा होतो तेव्हा दोन वाजलेत. झोपायचं नाही असं ठरवलंय. पाच वाजता देवळात निरोपाची उपासना आहे, आणि त्याआधी मला अनुग्रहाला एक गोष्ट सांगायची आहे. सकाळपासून तीनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आलोय.

अनुग्रहा माझी नात, तेवीस वर्षांची. उद्या मलावीला निघालीय, वर्षभरासाठी. तिथल्या मिशनच्या वसतिगृहात लहान मुलांना सांभाळायचं, शिकवायचं. शेजारच्या खोलीत ती बॅग काट्यावर ठेवते आहे, पुन्हा उतरवते आहे.

"दोन किलो जास्त भरतंय," ती आईला सांगते.

"चादर काढ."

"चादर नाही. चिवडा काढू?"

"चिवडा काढलास तर तिकडून रडत फोन करशील."

ऐकता ऐकता आवाज जाड होतात, गोधडीतून आल्यासारखे. माझा हात पलंगाखाली लोंबतो आहे आणि बोटांना पत्रा लागतो आहे. ती माझी ट्रंक. त्रेपन्न वर्षं याच जागी आहे. तिच्या झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं माझं नाव लिहिलंय आणि खाली 'दार-ए-सलाम'. मी दार-ए-सलामला कधी गेलो नाही. ट्रंकेत पांघरुणं असतात.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. कुणी परदेशी सेवेला निघालं की पाळकसाहेब आणि वडीलजन त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. पण एक हात खांद्यावर असतो आणि तो सोबत्याचा. जाणाऱ्यानं स्वतः निवडलेला. बहुतेक जण मित्राला नाहीतर मैत्रिणीला उभं करतात. अनुग्रहानं मला निवडलंय.

"दुसऱ्या कुणाला तरी सांग," मी तिला मागच्या रविवारी म्हणालो.

"का पण, आजोबा?"

"हात थरथरतो माझा."

"थरथरू दे की."

खरं कारण सांगता आलं नाही. ते आज सांगायचं. उठून बसायचं आणि सांगायचं. पण पापण्या जड झाल्यात, आणि ट्रंकेचा पत्रा थंड आहे, आणि ट्रंकेवर कुणीतरी बसलंय.

"पाय घे जरा," तो म्हणतो.

शांतवन आहे. शांतवन उमाप. बोर्डिंगमध्ये माझ्या शेजारची खाट त्याची होती. सव्वीस वर्षांचा आहे, कारण त्याच्यापुढचं वय त्याला मिळालंच नाही. अंगात तोच खाकी शर्ट आहे, खांद्यावर पट्ट्या असलेला. आम्हा दोघांचे शर्ट एकाच ताग्यातले होते. नंतर माझ्या शर्टातून आईनं दळणाच्या पिशव्या शिवल्या.

"शिकामो," तो म्हणतो आणि मान वाकवतो.

हा शब्द आम्ही दोघांनी स्वाहिली भाषेच्या एकाच पातळ पुस्तकातून पाठ केला होता. तिकडे धाकट्यानं थोरल्याला भेटल्यावर म्हणायचा. तुमच्या पाया पडतो, असाच काहीसा अर्थ. थोरल्यानं त्याला उत्तर द्यायचं असतं, तेही एका शब्दाचं. पान अकरा, उजव्या बाजूला, वरून तिसरं. पान दिसतंय. शब्द दिसत नाही.

"मला कशाला म्हणतोस?" मी विचारतो. "तू तीन महिन्यांनी मोठा माझ्यापेक्षा."

"होतो. आता बघ स्वतःकडे."

मी स्वतःकडे बघतो. हातावरची कातडी सैल आहे, आणि हाताखाली पलंगाची कड नाही, दगड आहे. आम्ही विहिरीच्या काठावर उभे आहोत. समोर ज्वारी आहे, पुरुषभर उंच. रोज संध्याकाळी आम्ही इथे यायचो. मिशनच्या कमिटीपुढे साक्ष द्यायची होती, आणि चार माणसांत माझा आवाज फुटत नसे. म्हणून शांतवननं हा उपाय काढला होता.

"बोल," तो म्हणतो. "ज्वारी ऐकतेय."

"काय बोलू?"

"देवानं तुला कसं बोलावलं ते. दोघांच्या साक्षी तूच लिहिल्यास ना? माझी तर मला आवडली. वाचताना वाटलं, कोण हा इतका भला माणूस."

माझ्या हातात कागद आहे. दोन्ही बाजूंनी कोरा आहे. मी ज्वारीला सांगतो की थांबा, मी चष्मा आणतो. ज्वारी हलते. मागच्या रांगेतली कणसं आपसांत काहीतरी कुजबुजतात.

"मोठ्यानं," शांतवन म्हणतो. "तिथे समुद्र आडवा आहे. असं पुटपुटलास तर मुंबईच्या धक्क्यावरच राहील सगळं."

मी तोंड उघडतो तर समोर ज्वारी नाही, पुस्तकांची कपाटं आहेत. हे शाळेचं वाचनालय. इथे मी चौतीस वर्षं काम केलं. कमिटी लांब टेबलामागे बसली आहे. तोंडं दिसत नाहीत, प्रत्येकाच्या जागी एकेक स्टीलचं कपाट आहे आणि काचेआड पुस्तकं. मधल्या कपाटातून आवाज येतो, फार मायेचा.

"दानिएल, देवानं तुला पाचारण केलंय याची तुला खात्री आहे?"

याचं उत्तर मला येतं. मीच लिहिलं होतं, सुंदर अक्षरात, दीड पान. शांतवन दाराशी उभा राहून मान हलवतो आहे, बोल, बोल म्हणून.

"मला खात्री नाही," मी म्हणतो.

खरंही मी हेच म्हणालो होतो. एकोणीसशे बाहत्तर, फेब्रुवारी. ट्रंका भरल्या होत्या, लसी टोचून दंड सुजले होते, बोटीची तारीख ठरली होती. कमिटीतलं कुणीही रागावलं नाही. एका बाईंनी मला पाणी दिलं. खोटं बोललो नाही, एवढं एक समाधान मी पुढे पन्नास वर्षं जपलं. पण अधूनमधून, वाचनालय रिकामं असताना, वाटायचं की मी भ्यालो आणि त्याला प्रामाणिकपणाचं नाव दिलं. दोन्हींतलं खरं कुठलं, ते मला आजही ठरवता येत नाही.

पाणी पितो तर पेला लोखंडाचा लागतो. पेला नाही, टाकी आहे. देवळामागची पाण्याची टाकी, चार पायांवर उभी. तिच्या आडोशाला मी उभा आहे, आणि आत गाणं चाललंय, पेटी आणि तबला. मला ते गाणं माहीत आहे. शांतवनच्या निरोपाची उपासना आहे ही. त्यानं सोबती म्हणून मला निवडलं होतं, आणि मी आत गेलो नाही. ज्याला स्वतःला जायचं धैर्य झालं नाही त्याचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर कशाला, असं वाटलं होतं. खरं सांगायचं तर लोकांच्या नजरेचीही भीती होती. गाणं संपेपर्यंत इथेच उभा राहिलो आणि मग मागच्या वाटेनं घरी गेलो. दोन वर्षांनी तिकडून तार आली. ताप. चौथ्या दिवशी गेला.

पण आज तो देवळातून बाहेर येतो. तेव्हा आला नव्हता. टाकीला वळसा घालून माझ्या शेजारी उभा राहतो, पाठ लोखंडाला टेकून.

"आत थांबलेत सगळे," तो म्हणतो. "पाळकसाहेबांची प्रार्थना दोनदा झाली. खांदा अजून मोकळाच आहे."

"शांतवन, मी आलो नव्हतो रे."

"माहितीये. इथे होतास."

"तुला कसं माहीत?"

"खिडकीतून तुझे पाय दिसत होते. टाकीखाली."

मी खाली बघतो. टाकीच्या चार लोखंडी पायांमध्ये माझे दोन पाय आहेत, चपला घातलेले. देवळाची खिडकी बरोबर समोर आहे. त्रेपन्न वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"तू बोलला नाहीस कुणाला?"

"काय बोलणार? टाकीनं चपला घातल्यात म्हणून सांगू?"

तो हसतो. खांदे हलवून हसायची त्याची पद्धत मी विसरलो होतो. आत्ता आठवली. मला वाटतं, हे असंच चालू राहावं. तो हसत राहावा, आत गाणं चालू राहावं आणि पाच कधी वाजूच नयेत. पण विचारायचं राहिलंय.

"माझा हात नव्हता म्हणून..." मी म्हणतो. पुढचं वाक्य मला येत नाही. इतकी वर्षं पुस्तकांत राहूनही.

"म्हणून मेलो?"

"हो."

"डास चावला, दान्या. तुझा हात काय मच्छरदाणी होता?"

मी हसत नाही. मग तोही थांबतो. टाकीतून पाणी ठिबकतं आणि खालची माती लाल आहे, आपल्याकडे नसते अशी. जरा पलीकडे केळीची बाग आहे, आणि बागेच्या कडेला दगडांनी आखलेली एक लांबट जागा. तो तिकडे बघत नाही, म्हणून मीही बघत नाही.

"पण खोटं कशाला सांगू," तो म्हणतो. "खांदा मोकळा वाटला. बोटीवर सारखं वाटायचं, शेजारचा उठून कुठेतरी गेलाय, येईल परत. पहिले काही दिवस तर जागाही धरून ठेवली."

"माझ्यासाठी?"

"तुझी ट्रंक माझ्या ट्रंकेशेजारी मावली असती."

मला त्याचा हात धरायचा आहे. मी धरत नाही. आमच्यात तशी सवय नव्हती.

"तुला तरी खात्री होती ना?" मी विचारतो. "पाचारणाची?"

"कुठली?"

"साक्षीत तर तू म्हणालास."

"साक्ष तू लिहिलेली. मी नुसती पाठ केली."

"मग गेलास कसा?"

तो खांद्यावरच्या पट्टीचं बटण चाचपतो.

"ट्रंक भरली होती ना," तो म्हणतो.

गाणं थांबलंय. आम्ही टाकीच्या आडून बाहेर येतो आणि देवळाचं दार उघडतो. आत बाकं आहेत, बाकांवर ओळखीची माणसं आहेत, आता त्यातलं कुणी उरलेलं नाही. वेदीच्या जागी धक्का आहे. पाणी काळं आहे, बोट पांढरी. तिला लावलेली शिडी हळूहळू वरखाली होते. शांतवन तिच्या पहिल्या पायरीशी गुडघ्यावर बसतो, माझ्याकडे पाठ करून.

"ठेव आता," तो म्हणतो.

"सगळे बघतायत."

"बघू दे. बायका तर तुला बघूनच रडायला लागल्यात. माझ्यासाठी कुणी रडत नाही."

मी हात उचलतो. किती जड आहे तो. शांतवनच्या उजव्या खांद्यावर ठेवतो, खाकी पट्टीवर. कापड खरखरीत आणि उन्हानं तापलेलं आहे. पट्टीचं बटण माझ्या तळहाताला रुततं.

"थरथरतोय," मी म्हणतो.

"कळतंय मला. त्यावरूनच ओळखला, तुझा आहे म्हणून."

मी दाबून धरतो. प्रार्थना करायला हवी, आणि मला एकही ओळ आठवत नाही. आठवतं ते पान अकरा, उजवी बाजू, वरून तिसरं.

"मराहाबा," मी म्हणतो.

त्याची मान हलते. मागून मला त्याचा कान दिसतो, गाल थोडासा दिसतो. तो हसतोय.

"अडीच तास लागले," तो म्हणतो. "पुस्तकी किडा मेला."

"अजून थोडा थांब."

"आजोबा."

"थोडाच वेळ."

"आजोबा, साडेचार वाजलेत."

अनुग्रहा दारात उभी आहे. पांढरी साडी नेसली आहे, तिच्या आईची. पदर अजून नीट लागलेला नाही. मी पलंगावर आहे. उशी ओलसर लागतेय. उजवा हात छातीवर पडलाय, मुठीत, आणि मूठ इतकी घट्ट आहे की बोटं एकेक करून सोडवावी लागतात.

तळहाताच्या मधोमध एक गोल खूण आहे. पावलीएवढी. आत चार टिंबं, दोन-दोन शेजारी. बटण दाबून धरल्यावर उठते तशी.

माझ्या अंगात बनियन आहे. त्याला बटण नाही. चष्मा टेबलावर आहे, घड्याळ खुंटीवर. मी चादर झटकतो, उशी उचलून बघतो. ट्रंकेच्या कडीवर तळहात ठेवून बघतो. कडी लांबट आहे. असं मी नेहमी करतो, प्रत्येक गोष्टीचा संदर्भ शोधायला बसतो. गादीखाली बघायला वाकतो आणि तिथेच थांबतो.

"काय हरवलंय?" अनुग्रहा विचारते.

"काही नाही."

ती पदर सारखा करते. मग जरा चाचरत म्हणते, "आजोबा, तुम्हाला नकोच असेल तर मी शर्वरीला उभं राहायला सांगते. तिला काही वाटणार नाही. आणि मलापण..." ती दार लोटून घेते. "आजोबा, मला अजून नीट खात्रीच वाटत नाहीये. जावं का नाही. आता कुणाला सांगू हे?"

"बॅग भरलीस?"

"भरली. चिवड्यासकट."

"मग झालं तर," मी म्हणतो. "शर्वरीला बाकावर बसू दे. माझा सदरा दे तो, आणि रिक्षा बोलाव."

"अजून वेळ आहे की. चहा घ्या आधी."

मी तळहाताकडे बघतो. म्हाताऱ्या कातडीवर खूण जरा जास्त टिकते, पण कडा आत्ताच पुसट व्हायला लागल्यात. चारातलं एक टिंब दिसेनासं झालंय.

"चहा नको," मी म्हणतो आणि मूठ पुन्हा मिटून घेतो. "लगेच निघू."