गाळलेले ठिपके

द्वारका चौकाजवळच्या एका कार्यालयात मी गोदावरीच्या पातळीचे आकडे घ्यायला जातो. पडद्यावरचा आलेख ज्याने तयार केला, तो खुर्चीत पाच मिनिटंही टिकत नाही. उभ्यानेच माउस फिरवतो, आलेख मोठा करतो, लहान करतो आणि प्रत्येक वाक्याला "बघा ना" जोडतो.

परवा धो धो पाऊस असूनही सायखेडा गावाजवळच्या पातळीची रेष अगदी सपाट होती. तो मात्र चुळबुळत होता. पातळी एकदम उडाली तर ती यंत्राची चूक समजून आकडा गाळायचा, हा नियम त्यानेच घातला होता. त्याने गाळलेले आकडे पडद्यावर आणले. रेषेच्या बऱ्याच वर तीन लाल ठिपके उमटले.

त्याने तिथल्या नदीकाठच्या एका भाजी पिकवणाऱ्याला फोन लावला.

"दादा, पाणी कुठवर आलंय, बघा ना."

"आता काय बघू? पाण्याची मोटार बुडाली माझी! तुमचा कम्प्युटर झोपला व्हता का?"

"चूक माझी आहे, दादा. बाकीच्यांना तरी मोटारी काढायला सांगा."

गावाला इशारा पाठवून त्याने तो नियम पुसला. मग मागच्या महिन्यांत गाळलेले ठिपके तो एकेक करून तपासू लागला.

"किती आहेत?" मी विचारलं.

त्याने पुढचा ठिपका उघडला.