जपानी शिकायला शिरपूरपर्यंत

जपानी शिकायला माणसं जपानला जातात. मी धुळ्याला निघालो. जळगावच्या अड्ड्यावर सर्व्हिस मोटार उभी होती. ड्रायव्हरनं माझी वळकटी टपावर फेकली आणि धुळ्याला काय काम काढलं म्हणून विचारलं. "शिकायला चाललोय," मी म्हटलं. त्यानं माझ्या पांढऱ्या व्हायला लागलेल्या मिशांकडे एकवार पाहिलं आणि मोटारीचं हॅन्डल फिरवायला गेला.

मी जिनिंग-प्रेसमध्ये कारकून आहे. सरकी आणि रुई यापलीकडे मला काही कळत नाही, आणि तेही फार कळतं असं नाही. पण माझा धाकटा भाऊ वामन हुशार. स्वदेशीच्या दिवसांत गावानं हार घालून त्याला काडेपेट्यांचा धंदा शिकायला जपानला पाठवला. येतो येतो म्हणता तो तिथल्याच कारखान्यात लागला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून बसला. आईनं त्याचं नाव टाकलं. मग मुलगी झाल्याचं कळलं, तेव्हा तिनंच आळीत साखर वाटली. गेल्या पावसाळ्यात वामन तापानं तिकडेच गेला.

आता त्याची बायको मुलीला घेऊन येत होती. मुंबईच्या एका स्नेह्यानं निरोप पाठवला होता, की बोट पंधरवड्यात लागेल, दोघींना जळगावच्या गाडीत बसवून देतो; नवऱ्याचं घर आणि सासू एकदा बघायची आणि परत जायचं, एवढाच बाईंचा बेत आहे. आईनं तो निरोप ऐकला आणि तिचा बेत सांगितला.

"सून जाईल तर जाऊ दे. नात इथं राहील. तिला म्हणावं, मुलगी आमच्याजवळ ठेव. तू तेवढं एक वाक्य शिकून ये. बाकीचं जपानी मला नको."

मी नाही म्हटलं नाही. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. वामनची मुलगी ओट्यावर खेळते आहे असं चित्र मलाही दिसायला लागलं होतं. हंगाम संपलेला, प्रेस बंद, मालकानं हसत हसत रजा दिली. पण एक वाक्य शिकायचं तर कोणाकडे आणि कसं, हे जळगावात कोणालाच ठाऊक नव्हतं. पुस्तक घ्यावं, मास्तर धरावा की जपान पाहिलेला माणूस शोधावा? धुळ्याला एक गृहस्थ काचकाम शिकायला जपानला जाऊन आलेत एवढं ऐकलं होतं, म्हणून धुळं.

एरंडोलला मोटार थांबली आणि रहीमभाई म्हणून एक बांगडीवाले माझ्या शेजारी येऊन बसले. मांडीवर खोका, खोक्यात गवत, गवतात काचेचे मणी. पारोळ्याच्या अलीकडे मोटारीच्या बंबातलं पाणी उकळून वाफ यायला लागली आणि आम्ही सगळे उतरून एका निंबाखाली बसलो. तिथं मी त्यांना माझं काम सांगितलं.

"जपानी?" रहीमभाईंनी खोक्यावर थाप मारली. "अहो भाऊ, हा बठ्ठा (सगळा) माल जपानचा! इतकी वर्षं विकतोय, एक लफ्ज बोललो नाही. मुंबईला त्यांचा माणूस बसतो. तो माल पुढे ठेवतो, मी मान हलवतो. तुम्ही भावजयीला पाणी द्या, पोरीला गूळ द्या. बोलीचं काम काय?"

मला एकदम हलकं वाटलं. इथूनच परत फिरावं असंही मनात आलं. मग मी म्हटलं, "पण मला त्यांच्याकडे काही मागायचंय."

"काय?"

"मुलगी."

रहीमभाईंनी खोक्यावरचा हात काढून घेतला. म्हणाले, "मग बोली पाहिजे. मागायचं तर पाहिजेच." ड्रायव्हरनं बंबात पाणी भरलं आणि आम्ही पुन्हा मोटारीत चढलो.

धुळ्यात काचवाले नाना शोधायला वेळ लागला नाही. कंदिलाच्या काचांचं त्यांचं दुकान चांगलं नावाजलेलं. नाना उंच, गोरे, बोलण्यात तरबेज. मी काही सांगण्याआधीच जपाननं रशियाला कसं लोळवलं ते त्यांनी मला सांगितलं. मग आतून मुलांची जपानी वाचनपुस्तकं आणून बैठकीवर मांडली.

"आधी लिपी," ते म्हणाले. "ही एक बाराखडी. ही त्याच उच्चारांची दुसरी. आणि मग ही चिनी अक्षरं."

"ती किती?"

"ती संपत नाहीत."

मला पंधरवडा आहे आणि एकच वाक्य हवं आहे, असं मी चाचरत सांगितलं. नाना दुखावले. तरीही भला माणूस, वाक्य जुळवायला बसले. पण तिथं वेगळीच अडचण निघाली. जपानीत म्हणे समोरचा आपल्याहून वरचा की खालचा यावर सगळं बोलणं बदलतं. "तुम्ही थोरले दीर. ती विधवा भावजय. पण पाहुणी आणि परक्या मुलखातली. आता वर कोण?" त्यांनी विचारलं.

मला हे मराठीतही सांगता येईना. नाना एक वाक्य बोलत, मान हलवत, दुसरं बोलत, तेही मोडत. ताट वाढून आलं तरी हे चाललंच होतं. धुळ्याच्या बट्ट्या (कणकेचे उकडून तळलेले गोळे) तुपात बुडवून आणि वर वरण ओतून मी पोटभर जेवलो, एवढीच त्या दिवसाची कमाई. शेवटी नाना म्हणाले, "पंधरा दिवस माझ्याकडे राहा, पाया तरी घालून देतो. नाहीतर शिरपूरला एक बाई आहेत. नवरा कापसाच्या पेढीवर मुनीम होता, त्याच्याबरोबर कोबे बंदरात राहून आल्या. पण त्यांची भाषा पाणवठ्यावरची. व्याकरण शून्य."

पाया घालावा की पाणवठ्यावर जावं? सकाळी मी अड्ड्यावर उभा राहून याचाच विचार करत होतो. शिरपूरची मोटार आधी सुटली म्हणून मी तीत बसलो. याहून मोठं कारण देता आलं असतं तर मला आवडलं असतं.

तापीला उन्हाळ्यानं पार वाळवून टाकलं होतं. रुंद वाळवंट आणि मधोमध निळ्या पाण्याचा एक पट्टा. वाळूत टरबुजांच्या वाड्या लावलेल्या. नावेची वाट बघताना मी एक टरबूज फोडून घेतलं. ते आतून पांढरंच निघालं. वाडीवाली म्हातारी म्हणाली, "गोड नही शे का? मंग दुसरं ले." दुसरं लाल निघालं आणि त्याचा रस सदऱ्यावर सांडला. तशाच डागाच्या सदऱ्यानं मी त्या कोबेहून आलेल्या बाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. गाव त्यांना अक्का म्हणतं.

अक्का ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पन्नाशीच्या. त्या दोन्ही पाय मागं दुमडून टाचांवर बसतात, आणि तेवढं सोडलं तर जपानचं त्यांच्या घरात काही दिसत नाही. मी कशासाठी आलो ते ऐकून त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "जपानी शिकानी? तुले?" मग माझा चेहरा बघून हसणं आवरलं. "बस भाऊ. आधी माले सांग, तुले तिले काय सांगानं शे?" (तुला तिला काय सांगायचं आहे?)

मी वाक्य सांगितलं. तेवढ्यात बाहेरून एक तिशीचा धिप्पाड माणूस आला, माठातलं पाणी प्याला, "काकू, मी बाजारमा जास, तुले काय आनू?" म्हणाला, त्यांच्या पायाशी पडलेली चिंधी उचलून कोनाड्यात ठेवली आणि गेला.

"पुतण्या भला दिसतो," मी म्हटलं.

"पुतन्या नही. मना अंडोर शे." (माझा मुलगा आहे.)

मला काही उमगेना. अक्का संथपणे बोलत राहिल्या. "मी कोबेले गऊ तवय (तेव्हा) हाऊ (हा) दूध पेत व्हता. सासू बोलनी, परदेशनं पानी बाधी, पोऱ्याले आठे (इथं) ठेव. काही जबरी नही करी तिन्ही. चांगलं बोलनी. मी ठेवा." काही वर्षांनी त्या परत आल्या, तेव्हा मुलगा जावेला आई म्हणत होता आणि त्यांना काकू. सगळे म्हणाले, लहान आहे, शिकेल हळूहळू. "जाऊबाई गयी, सासूबी गयी. हाऊ आजून काकूच म्हनस. वाईट नही शे तो. जीव लावस. पन काकू म्हनस."

मी मान खाली घालून बसलो.

"ते वाक्य माले येस," अक्का म्हणाल्या. "पन मी नही शिकाडस."

मला राग आला, हे खरं आहे. एवढं ऊन आणि धूळ खाऊन यायचं, वाक्य ठाऊक असलेली बाई समोर बसायची आणि तिनं नाही म्हणायचं! आमचं घर तसं नाही, आई मुलीला फुलासारखी जपेल, असं मी खूप काही बोललो. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती पोरगी काय खास?" (काय खाते?)

मला माहीत नव्हतं. तिची झोप, तिचे खेळ, ती कशाला भिते, यातलं एकही मला माहीत नव्हतं. नावसुद्धा निरोपातून ऐकलेलं, किमी, आणि तेही बरोबर ऐकलं की नाही देव जाणे.

"मंग हाई (हे) शिक," अक्का म्हणाल्या.

आणि मग मी दोन-चार दिवस शिरपूरला राहिलो. ना पाटी, ना पुस्तक. अक्का मला दाराबाहेर घालवत, मी आत आलो की म्हणत, "त्सुकारेता देशो" (दमला असाल ना). मग त्या घागर घेऊन बाहेर जात आणि परत आल्या की मी तेच त्यांना म्हणायचं. जेवायच्या वेळी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा पुढे ठेवून त्या विचारत, "गोहान ताबेमाशता का?" (जेवलात का?) मी जपानीत नाही म्हणेपर्यंत भाकरीला हात लावू देत नसत. ती भाषा बोलताना त्यांचा आवाज बारीक आणि कोवळा व्हायचा. कोबेच्या शेजारणींची नावं घेत त्या मध्येच त्याच भाषेत पुष्कळ बोलून जायच्या. मला त्यातलं अक्षर कळत नसे, पण मी हूं हूं करत बसे, कारण ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं.

निघताना मी विचारलं, "अक्का, आईला काय सांगू?"

"ते तुनं तू दख," (तुझं तू बघ) त्या म्हणाल्या आणि वाटेसाठी भाकरी बांधून दिली.

परतीला तापी ओलांडून नरडाण्याला आलो आणि आगगाडी धरली. डब्यात मी माझी वाक्यं घोकत होतो. समोरच्या आजोबांना वाटलं मी स्तोत्र म्हणतोय. त्यांनी हात जोडले, मग मलाही डोळे मिटून घ्यावे लागले. डोळे मिटल्यावर मात्र सगळा घोळ समोर आला. नाना अजून धुळ्यात होते. चार दिवस त्यांच्या दारात बसलो असतो तर वर-खालचा निवाडा होऊन ते वाक्य मिळालं असतं. अमळनेरला, धुळ्याची मोटार धरायला म्हणून, मी वळकटी उचलून दारापर्यंत गेलोही. मला ती मुलगी हवी होती. अक्कांची गोष्ट ऐकल्यावर ती मला कमी हवीशी वाटायला हवी होती, तसं काही झालं नव्हतं. गाडीनं शिट्टी दिली आणि मी उतरलो नाही. शहाणपण सुचलं म्हणून उतरलो नाही की पाय हलेनात म्हणून, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

घरी आई जात्याशी बसली होती. मी पाय धुण्याआधीच तिनं विचारलं, "आलं का वाक्य?"

मी सगळं सांगितलं. आईचा चेहरा लाल झाला. "तुला जपानी शिकायला धाडलं होतं की लोकांच्या घरची रडगाणी ऐकायला?" ती कडाडली. "पाहुणीला दमलात का विचारायला शिरपूरला जावं लागतं? आणि मला वामनचं काय राहिलं मग? सांग की!"

जात्याची घरघर पुन्हा सुरू झाली. मी ओट्यावर जाऊन बसलो. हिंडलो एवढा, माणसं भेटली तीही सगळी भली, आणि प्रत्येकानं जे सांगितलं ते ज्याच्या त्याच्या परीनं खरंच होतं. त्यातलं माझ्यासाठी कोणतं, हे मात्र कोणी सांगितलं नाही. प्रवासानं माणूस शहाणा होतो म्हणतात, पण मी घरून नेलेला गोंधळ तेवढाच परत आणला होता, वर अक्कांचाही थोडा त्यात मिसळला होता.

जातं थांबलं. आई पिठाचे हात घेऊन दारात आली.

"तो मुलगा तिला अजून काकूच म्हणतो?"

"हो."

ती उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "मागायचं ते मी मागणारच. मराठीत मागेन. तिला कळणार नाही, आणि ती नाही म्हणाली तर मला कळणार नाही. माझं मागून होईल." तिनं पदरानं नाक पुसलं, पीठ गालाला लागलं. "ते जेवलीस का कसं म्हणायचं ते मला शिकव. हळू सांग. ते मीच विचारणार, तू मध्ये तोंड घालू नकोस."