कडवळातला धोतरा

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे, रहिमतपूरजवळच्या मळ्यात होते. दुपारी मामी म्हशीला पाणी दाखवायला गेली आणि गोठ्याच्या दारातच थबकली. म्हैस कोऱ्या भिंतीकडे बघत उभी होती. बाहुल्या पसरून तिचे डोळे नुसते काळे झाले होते. मामीने हाक मारली तशी ती दचकून मागे सरली आणि रिकाम्या कोपऱ्यावर शिंगं रोखून राहिली.

म्हैस गाभण होती, दिवस भरत आले होते.

"आवं, हिला काय दिसतंय तिथं?" मामी म्हणाली.

शेजारची म्हातारी दारातून बोलली, "बाहेरचं हाय गं. म्हादेवाला फुलं वाहा."

मामीमागून मीही रानात गेले. कडवळ, म्हणजे वैरणीसाठी दाट पेरलेली ज्वारी, मामाने सकाळीच कापली होती. मधोमध महादेवाचा दगड. त्याच्याभोवतीचा धोतरा कुणी उपटत नसे; देवाचं झाड म्हणून भांगलतानाही बायका त्याला वळसा घालत. मामी पांढरी फुलं तोडू लागली. मी खाली बघत होते. दगडापासून पार लांब, कडवळाच्या धसकटांत, धोतऱ्याचे ओले बुडखे होते. विळ्याने कापलेले. त्यांचा उग्र वास येत होता; हाच वास मला मघाशी गव्हाणीपाशी आला होता.

मी एक बुडखा मामीला दाखवला. "मामी, हाच पाला गव्हाणीत आहे."

"इंग्रजी शाळंत गवात बी शिकवत्यात व्हय?" मागून आलेली म्हातारी हसली.

मामी हसली नाही. धोतरा विषारी असतो, हे तिला ठाऊक होतं. फुलं हातात तशीच धरून ती गोठ्याकडे पळाली. वैरण उपसली, तर ज्वारीच्या पात्यांत रुंद, दातेरी कडांची पानं निघाली. सगळी वैरण बाहेर टाकली, म्हशीपुढे पाणी ठेवलं. दिवस मावळेपर्यंत ती कोपऱ्याकडेच बघत होती. सकाळी मात्र मामीच्या हाकेला तिने कान हलवले.

"रागावू नगंस रं देवा," म्हणत मामीने त्याच दिवशी धोतरा मुळासकट उपटला. काटेरी बोंडं उकलायच्या आत पाटीत भरून जाळली. मामाने आम्हाला धुरापासून लांब उभं केलं.

म्हैस सुखरूप व्याली, रेडी झाली.

पुढच्या पावसाळ्यात मी गेले तेव्हा, मातीत राहिलेल्या बियांतून, दगडाभोवती रोपं पुन्हा वर आली होती. मामी उपटायला बसली. बांधावर चरणारी म्हैस मान वर करून थांबली, काही केल्या पुढे येईना. ती रोपांकडे बघत नव्हती. दगडाच्या वर, जिथे काहीच नव्हतं, तिथे बघत होती.

मी जवळ जाऊन तिचे डोळे पाहिले. या वेळी ते स्वच्छ होते.