फाटकाबाहेरची बिडी

कोहमाऱ्याच्या फाट्यावर मी रोज सकाळी एस.टी.ची वाट पाहायचो. समोर गावाचं गुरं चारायचं रान होतं. दूरच्या एका कंपनीने त्याला तारेचं कुंपण घालून आत सागाची रोपं लावली. कंपनी तिकडे कोळसा जाळणार आणि त्या धुराची भरपाई इकडे ही गुडघाभर रोपं करणार! बोर्डावर तसं चक्क लिहिलं होतं.

तिथल्या म्हाताऱ्या चौकीदाराने तो बोर्ड मनापासून मानला होता. रान बंद झाल्यावर गाई विकून त्याने ही नोकरी धरली होती, घर तिच्यावरच चाले. बिडीची तल्लफ आली की तो बाहेर येई, फाटकाला कुलूप लावी, रोपांकडे पाठ करून उकिडवा बसे आणि धूर रस्त्याकडे सोडी.

"काऊन बाबा, आत ओढली तर काय होते?" मी एकदा विचारलं.

"कंपनीचा धूर खाऊन राहिली ना थे. लहान पोट हाय. त्यात माहा कायले वाढू?"

एका शनिवारी कंपनीचा साहेब आला. एसीसाठी जीप आत चालूच ठेवून त्याने सिगारेट पेटवली. म्हाताऱ्याने त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर आणलं.

"इथं ओढा साहेब. अन् गाडी बंद करा, रोपायले ठसका लागन."

साहेब लालबुंद झाला. मी रस्त्यापलीकडून टाळ्या वाजवल्या.

सोमवारी फाटकात दुसराच माणूस होता. म्हातारा कुठे, असं मी विचारलं.

"काढलं त्याले," तो म्हणाला. "मले एकच काम सांगतलं हाय. साहेबाले अडवाचं नाही."